सूर्यास्त सहा चोवीस

टिपणीसबाईंनी अकरा फोटो पाठवले नमुन्याला:
कुठल्यातरी थंड देशातलं गव्हाचं शेत,
त्यात पिंगट केसांचा मुलगा, हातात लाकडी विमान.
"असंच काहीतरी. पण ठाण्यात."

गहू कुठून आणू?
येऊरच्या पायथ्याला जानेवारीत गवत वाळतं
कमरेएवढं, म्हणजे पाच वर्षांच्या कमरेएवढं.
मी पोटावर झोपून काढला तर चालून जाईल.

पिशवीत साबणाचे फुगे, ओले रुमाल,
शिट्टी. दोनदाच वाजवायची,
तिसऱ्यांदा मुलं ओळखतात.
तिळाची वडी नको, दातांत अडकते. हलवा चालेल.
आईला माझ्या मागे उभं करायचं नाही.
आईला "स्माइल" म्हणू द्यायचं नाही.
पेपरात सूर्यास्त सहा चोवीस,
पण उपवनला डोंगर मध्येच हात घालतो
आणि पाच पन्नासलाच ऊन उचलून नेतो.
म्हणून पावणेपाच. खाली दोन रेघा मारल्या.

ते आले पाच वीसला.
घोडबंदरला ट्रॅफिक, त्यात आजोबांचा चष्मा घरी राहिला
आणि माघारी वळायला कुणी तयार नव्हतं.

"नाव निमिष, पण एक निमिष स्थिर नाही,"
बाई सगळ्यांना हेच सांगत असणार.
मला तर तो फारच स्थिर वाटला.
लिननचा सदरा, गॅलस,
तपकिरी बूट, सकाळीच खोक्यातून निघालेले.

"इकडे बघ, कॅमेऱ्यात चिमणी आहे."
"नाहीये. लेन्स आहे."
राबोडीच्या झुबेरने रिफ्लेक्टरच्या आडून बदकाचा आवाज काढला.
बाकावरचे दोन म्हातारे वळले,
एक कुत्रं वळलं.
निमिषने विमान धरलं, सोडलं, पुन्हा धरलं,
सांगितलं तिथे उभा राहिला,
सांगितलं तेवढा हसला.
डोंगराची सावली गवत ओलांडून
आमच्याकडे निघाली होती, सावकाश.

मग तो मटकन खाली बसला.
"मळेल!" बाई ओरडल्या.
लेसची गाठ दातांनी सोडवली त्याने,
बूट काढला, मोजा काढला.
टाचेवर फोड,
डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा, लाल.
एवढा वेळ त्यावर चालला होता
कारण गाडीत सांगितलं होतं, आज शहाण्यासारखं.

पाय वळवून तोंडाशी आणला
(त्या वयाच्या हाडांनाच जमतं ते)
आणि डोळे मिटून फुंकर घातली,
घरी त्याला कुणी घालत असेल तशी,
मध्ये थांबून, पुन्हा.

मी बटण दाबलं. एकदाच.
मग कॅमेरा गवतात ठेवून बँडेड शोधत बसले.
सगळं होतं पिशवीत, ते नव्हतं.
आजोबांच्या पाकिटात निघालं एक,
कडा काळ्या पडलेलं.
त्यांना दिसत नव्हतं,
टाच त्यांनी बोटांनी चाचपून शोधली.

दोनशे चाळीस फोटोंतले बाईंनी वीस निवडले.
वीसही कॅमेऱ्यात बघणारे.
"तो बसलेला जरा हललाय ना?"
टाच अगदी नीट आलीय, असं मी टाइप केलं,
खोडलं, आणि लिहिलं: हो, थोडासा.

रात्री नाकाखालची चकाकती रेघ पुसली,
सदऱ्याची चुणी पुसली, लांबचा टॉवर पुसला.
ज्याने पुसते त्या ब्रशचं नाव हीलिंग.
तोच घेऊन त्या एका फोटोतल्या टाचेवर गेले
आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.
ब्रश ठेवून दिला.

शनिवारी कासारवडवलीची जुळी, वय तीन.
त्यांना गहू नको, समुद्र हवाय.
खाडी चालेल का, विचारलंय.
अजून निळी टिक आलेली नाही.